बायकांची पेटी

माझं माहेर शहरातलं, शहागंजचं. वडिलांचं कापडाचं दुकान, दुकानामागं दोन खोल्या आणि दारासमोर सकाळपासून टांग्यांची न् गिऱ्हाइकांची वर्दळ. मॅट्रिक झाले आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लागलं. सासर बिडकीनच्या पुढं, पैठण रस्त्यावरचं एक बाजारगाव. खेडं म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लहान. आठवडी बाजार, पोस्ट, चावडी, मुलींची प्राथमिक शाळा आणि गावाच्या डोक्यावर मालकांची गढी. मालक म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. निजामाचं राज्य गेलं, पोलीस अ‍ॅक्शन झाली, कूळकायद्यात थोडी जमीन गेली, तरी गावात नुसतं 'मालक' म्हटलं की कोण ते विचारावं लागत नसे.

या मालकांचा सगळ्यात विश्वासाचा माणूस म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायचे. घरची कोरडवाहू जमीन, दोन बैलजोड्या, स्वभाव शांत. पण तालुक्यात त्यांची ओळख वेगळ्याच गोष्टीसाठी होती. आमच्या गावात कुणाला किती मतं पडणार हे ते आधी सांगायचे, आणि तसंच व्हायचं.

मला आधी ही थट्टा वाटली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा आमदारकीची निवडणूक आली. एका संध्याकाळी मामंजींनी ओसरीवरून हाक मारली.

"सूनबाई, तुला छापील मराठी भराभरा वाचता येतं ना?"

"येतं, मामंजी."

"मग ही मतदारांची यादी वाच. माझं शिक्षण सगळं उर्दूतलं. हे बाळबोध वाचायला बसलो तर दिवस मावळंल."

निजामाच्या काळात शाळा उर्दूच, त्यामुळं मामंजींना मराठी बोलायला जितकं सोपं तितकंच वाचायला अवघड. मी उंबऱ्याच्या आत पदर सावरून बसले, ते बाहेर बाजेवर. मी नाव वाचायचं, त्यांनी डोळे मिटायचे, मग उमेदवाराची खूण सांगायची, आणि मी नावापुढं ती पेन्सिलीनं टिपायची. मधूनच म्हणायचे, "हा पुण्याला गेला, येत नाय." "हा मेला, पण यादीत अजून जित्ता हाय." कुठं अडखळत नव्हते. मी विचारलं, "मामंजी, तुम्ही प्रत्येकाला विचारून ठेवलंय का?"

ते हसले. "मत इचारलं की माणूस खोटं बोलतो. आपण बैलांचं इचारायचं, सोयरिकीचं इचारायचं, बांधाचं इचारायचं. मत आपोआप दिसतं."

मग हळूहळू त्यांनी मला गाव उलगडून दाखवलं. मोठ्या आळीतले शेतकरी उमेदवार बघून मत देत नाहीत, शेजाऱ्याचं मत कुठं आहे ते बघून त्याच्या उलट देतात, कारण प्रत्येकाचं बांधावरून कुणाशी तरी वाकडं आहे. पेठेतले दुकानदार शेवटच्या दिवसापर्यंत सगळ्यांना रामराम घालतात आणि जिंकणाऱ्याच्या बाजूनं जातात. मुसलमानांच्या गल्लीनं पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत फार सोसलं होतं. "ती माणसं एवढंच बघतात सूनबाई, की कुणाच्या राज्यात सुखानं झोप लागंल." आणि ओढ्याकडच्या दलित वस्तीबद्दल ते आदरानं बोलायचे. "त्यांचं मत ते उघड सांगतात. कुणाच्या बापाला भीत नायत. तिथं मला अंदाज करावाच लागत नाय."

मतमोजणी पैठणला झाली. त्या वेळी पेटीपेटीची मतं वेगळी मोजत, त्यामुळं कुठल्या गावानं काय केलं ते कळायचं. आमच्या गावाचा आकडा मामंजींच्या आकड्यापासून पाच-सात मतांनी चुकला होता. तेवढ्याचीही त्यांना रुखरुख लागली. मी मात्र थक्क झाले होते. शहागंजात आमच्या दुकानात रोज शंभर माणसं यायची, पण त्यातल्या एकाच्याही मनात काय आहे हे आम्हाला कळत नसे. इथं एक माणूस बाजेवर डोळे मिटून बसतो आणि आख्खं गाव त्याच्या पापण्यांच्या आत उभं असतं!

एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या लक्षात आली होती. यादीत बाईचं नाव आलं की मामंजी डोळे मिटत नसत. "नवऱ्याचं तेच बायकोचं. पुढं वाच."

त्यानंतर चार वर्षांनी जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. आता माझंही नाव यादीत आलं होतं. या खेपेला खुद्द मालक उभे होते, खूण घोडा. समोर गावातलाच एक म्हातारा शिंपी, खूण शिडी. हा शिंपी निजामाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेला, सरळ माणूस, पण त्याच्यामागं ना जमीन ना माणसं. त्याची अनामत वाचली तरी पुष्कळ, असं सगळे म्हणत होते.

पण त्या आधीच्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली होती. गावाच्या खालच्या अंगाला ओढा होता आणि ओढ्याकाठी गायरानाचा एक तुकडा. तरवड, घाणेरी आणि बाभळींनी दाट भरलेला. ती बायकांची जागा. गढी सोडली तर गावात कुणाच्याच घरी संडास नव्हता. पहाटे तांबडं फुटायच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीला गावातल्या सगळ्या बायका तिकडं जायच्या. मोठ्या आळीच्या एका बाजूला, मुसलमान गल्लीतल्या दुसऱ्या बाजूला, वस्तीतल्या ओढ्यापलीकडं. जागा वेगळ्या, पण वाट एकच. मी शहरातली, सुरुवातीला मला रडू यायचं. पण महिन्याभरात मला कळलं, की गावातल्या बायका एकमेकींशी मोकळं बोलतात ते फक्त त्या वाटेवर. कुणाला दिवस गेले, कुणाच्या पाठीवर वळ उठले, कुणाच्या पोरीचं कुठं ठरतंय, सगळं तिथं कळायचं. पुरुष त्या बाजूला फिरकत नसत.

मालकांनी त्या तुकड्याला तारेचं कुंपण घातलं. आत मोसंबीची झाडं लावली, एक राखणदार ठेवला आणि त्याच्याजवळ एक कुत्रा. गायरान सरकारी, पण विचारणार कोण? पुरुषांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मोसंबी येणार म्हणून कौतुकच झालं.

बायकांना आता पैठणच्या सडकेच्या कडेला बसावं लागायचं. तिथं झाड नाही, आडोसा नाही. सायकल आली की उठून उभं राहायचं, बैलगाडी आली की उभं राहायचं, एसटीचे दिवे लांबून दिसले की सगळ्या ओळीनं उभ्या, पाठ फिरवून, पदर तोंडावर. मी तशी उभी राहिले आहे. त्या गोष्टीला आता कित्येक वर्षं झाली, शहरात गारखेड्यातल्या या फ्लॅटमध्ये सगळं आहे, तरी रस्त्यावरून गाडीचा उजेड अंगावर आला की माझी पाठ आपोआप ताठ होते.

आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यावर स्वतःपुरता उपाय काढला. त्यांनी दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं. रात्रीचं जेवणही सोडलं. त्यांना लघवीला जळजळ व्हायची, कळा यायच्या, त्या भिंतीला टेकून दात आवळून बसायच्या. मामंजींना वाटलं, उपास धरलेत. चावडीत ते अभिमानानं सांगायचे, "आमच्या घरात लई देवधर्म वाढलाय. एकभुक्त राहत्यात." आत्याबाई काही बोलत नसत. असलं नवऱ्याला कसं सांगायचं? आणि कोणत्या शब्दांत?

गावात एक मनियारीण होती. बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून दारोदार जायची. पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत तिचा नवरा घराबाहेर पडला तो परत आला नाही. त्या दिवसांत आत्याबाईंनी तिला आणि तिच्या तान्ह्या मुलीला चार दिवस आमच्या कडब्याच्या गंजीमागं लपवून ठेवलं होतं, मामंजींच्याही नकळत भाकरी पोचवली होती. सगळे तिला खाला म्हणायचे. गढीपासून वस्तीपर्यंत प्रत्येक घराच्या आतल्या खोलीत जिला प्रवेश होता अशी गावात ती एकटीच. बायकांचा हात हातात घेऊन ती जितका वेळ बसायची, तितका वेळ त्यांच्याजवळ कुणीच बसत नसे.

निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी ती आमच्याकडं आली. आत्याबाईंचा हात हातात घेतला आणि थबकली.

"अगे बाई, हात किती तापलाय! बुखार हाय का?"

आत्याबाईंनी हळू आवाजात सगळं सांगितलं. मी शेजारीच भाजी निवडत होते. खाला ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमचं एकटीचं नाय. गल्लीत माझी भाची उपाशी राहती. वस्तीतली एक पोट्टी, सातवा महिना, परवा सडकेच्या खड्ड्यात पडली. देवाची मेहेरबानी म्हणून वाचली."

"गढीवर मालकीणबाईंच्या कानावर घातलं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"घातलं ना. त्यांनी मालकांना सांगून बघितलं. मालक हसले म्हणं. म्हणाले, असल्या गोष्टी माझ्यापुढं आणू नका."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मग आत्याबाई, ज्यांना मी पाच वर्षांत घराबाहेरच्या गोष्टीवर एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "खाला, कुंपण वलांडायला काय लागतं?"

खालानं त्यांच्याकडं पाहिलं. एक बांगडी अर्ध्या मनगटावर तशीच राहिली.

"शिडी," खाला म्हणाली.

"मग सांग बायकांना."

एवढंच बोलणं झालं. खालानं बांगड्या चढवल्या, माळा उचलल्या आणि ती पुढच्या दारी गेली. ती पुढचे पंधरा दिवस फिरतच होती. लग्नसराई नव्हती, सण नव्हता, तरी घरोघर बायका बांगड्या भरत होत्या. शिंप्याच्या बायकोनंही नवऱ्याला विचारलं, की निवडून आलात तर ओढ्याचं कुंपण काढाल का? का काढायचं तेही तिनं सांगितलं. तो म्हणे कान लाल करून, मान खाली घालून मशीनवर बसून राहिला. मग म्हणाला, "काढतो. पण भाषणात हे बोलता येणार नाय."

"बोलूच नका," ती म्हणाली.

आणि मग ती संध्याकाळ आली जिची मला धास्ती होती. मामंजींनी हाक मारली. मी यादी घेऊन उंबऱ्याच्या आत बसले. माझ्यामागं, चुलीजवळ, आत्याबाई भाकरी थापत होत्या.

मी नाव वाचलं. मामंजींनी डोळे मिटले. "घोडा." पुढचं नाव. "शिडी. मालकांनी त्याचं पाणी अडवलंय." पुढचं. "घोडा." मग एक बाईचं नाव. "पुढं वाच."

असं किती वेळ चाललं. दर बाईच्या नावाला माझ्या मनात येत होतं. हिचा हात खालानं धरला असेल. ही काल सडकेवर माझ्याशेजारी उभी होती. हिच्याच सुनेचा पाय मुरगळलाय. मला सगळं माहीत होतं, आणि ज्या माणसाला सगळं माहीत असायचं तो म्हणत होता, पुढं वाच. मला वाटलं, हे पाप आहे. मामंजींनी मला मुलीसारखं वागवलं होतं. पुढं शिकायचं असेल तर पुस्तकं आण म्हणाले होते. त्यांना फसवायचं? मी मागं वळून पाहिलं. आत्याबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं नुसतं पाहिलं. डोळ्यांत ना राग, ना विनवणी. तू ठरव, असं ते पाहणं होतं.

मी पुढचं नाव वाचलं. ते माझंच होतं.

"ही मी, मामंजी."

ते मोठ्यानं हसले. "तुला काय इचारायचं! घोडा."

मी नावापुढं घोडा टिपला.

मतदानाच्या दिवशी पुरुषांची पेटी चावडीत आणि बायकांची मुलींच्या शाळेत होती. सकाळपासून बायकांची रांग शाळेच्या कुंपणाबाहेर गेली. आधीच्या निवडणुकांत त्या नवऱ्यामागं गुपचूप येऊन जायच्या. या वेळी आळीआळीनं आल्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. हसत नव्हतं. घोड्याच्या बाजूची माणसं येऊन हात जोडायची, "वैनी, घोड्याकडं बघा," आणि प्रत्येक बाई मान हलवून "व्हय, व्हय" म्हणायची. गढीतून झाकलेल्या दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत बसून मालकीणबाई आल्या. त्यांना पुढं जा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "नको, रांगेतच उभी राहते." त्या माझ्या पुढं चार बायका सोडून उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या बांगड्याही नव्या होत्या. त्यांनी शिक्का कुठं मारला हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही.

माझी पाळी आली. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले. समोर कागद, त्यावर घोडा आणि शिडी, हातात लाकडी मुठीचा शिक्का. मला अजून तो क्षण तसाच दिसतो. लग्न झाल्यापासून मी कधीच एकटी नव्हते. झोपताना, उठताना, चुलीपाशी, शेतात, सडकेच्या कडेलाही कुणी ना कुणी बघत होतंच. त्या दोन हाताच्या पुठ्ठ्यामागं मला कुणी बघत नव्हतं. मामंजी नाही, मालक नाही, आत्याबाईही नाहीत. मग मी शिडीवर शिक्का मारला, कागदाची घडी केली आणि बाहेर येऊन पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी मामंजी मालकांचे प्रतिनिधी म्हणून पैठणला मोजणीला गेले. संध्याकाळच्या एसटीनं परत आले. तोवर गावात बातमी आली होती. शिंपी निवडून आला होता. आसपासच्या खेड्यांत मालकच पुढं होते, चावडीची पेटी मामंजींनी सांगितली तशीच निघाली होती, दोनचार मतं इकडं तिकडं. पण बायकांची पेटी उघडली आणि मोजणारा कारकून शिडी, शिडी, शिडी म्हणत राहिला. मामंजी सांगायचे, पहिल्यांदा त्यांना वाटलं गठ्ठा एकाच बाजूचा आलाय. मग वाटलं, पेटी दुसऱ्या गावची आहे. पेटीवरचं सील त्यांनी स्वतः तपासलं. आपल्याच गावची.

घरी आल्यावर ते ओसरीवर बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "सूनबाई, यादी आण. पहिल्यापासून वाच."

मी वाचली. पूर्ण. त्यांनी एकेका पुरुषाचा चेहरा आठवला. कुणी फितवलं? कुणी दगा दिला? कुठंच काही सापडेना. मालक चिडले होते. त्यांनी एकेकाला गढीवर बोलावून विचारलं. प्रत्येकानं घरी येऊन बायकोला विचारलं. दोन-तीन घरांत मारहाणही झाली, हे लपवून उपयोग नाही. पण प्रत्येक बाईनं एकच उत्तर दिलं, "तुम्ही सांगितलं तिथंच शिक्का मारला." आणि प्रत्येक पुरुषाला वाटलं, आपली खरं बोलतीय, दगा दिला तो शेजाऱ्याच्या बायकोनं. एवढ्या बायका, त्यांत तोंडाळ होत्या, भोळ्या होत्या, एकमेकींशी वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या होत्या. एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मी स्वतः त्यांतली असून मला ते अजून खरं वाटत नाही.

शिंप्यानं शब्द पाळला. गायरानाची मोजणी मागितली, सात-आठ महिने कचेरीत खेटे घातले, आणि एक दिवस तलाठी येऊन उभा राहिला. गायरान ते गायरान निघालं. तारा निघाल्या, राखणदार गेला. मोसंबीची रोपं तशीच राहिली, बाभळी पुन्हा वाढल्या. पहिल्या पहाटे आम्ही सगळ्या गेलो तेव्हा वाटेवर पुढं चाललेली खाला एकदम हसायला लागली, आणि मग त्या अंधारात सगळ्याच हसायला लागल्या. आत्याबाई दुसऱ्या दिवसापासून रात्री जेवू लागल्या.

मालकांनी मामंजींवर राग धरला नाही, पण मामंजींनीच गढीवर जाणं कमी केलं. पुढं निवडणुका आल्या की लोक यायचे, अंदाज विचारायचे. ते हात जोडायचे. "माझं गणित एकदा चुकलं. का चुकलं ते कळंस्तोवर मी तोंड उघडणार नाय."

तसे बरेच दिवस गेले. माझी मुलं शाळेत जाऊ लागली. एका दुपारी मामंजी ओसरीवर बसले होते, आत्याबाई सुपात ज्वारी निवडत होत्या, मी शेजारी. मामंजी आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सगळं कळलं आयुष्यात. ती पेटी तेवढी कळली नाय."

आत्याबाईंनी सुपातून मान वर केली नाही. म्हणाल्या, "ओढ्याचं कुंपण."

"काय?"

"कुंपण घातलं होतं ना मालकांनी. त्याचं."

मामंजींना काही उमजेना. ते माझ्याकडं बघू लागले. मग मीच सांगितलं. सडक, एसटीचे दिवे, उभं राहणं, वस्तीतली ती पोरगी, खाला, शिडी. सांगताना मला लाज वाटत होती, आणि ती लाज का वाटावी म्हणून रागही येत होता. ते ऐकत राहिले. मध्येच त्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं.

"आन् ते तुझे उपास?"

"कसले उपास? पानी पीत नव्हते मी."

मामंजी डोळे मिटून बसले, यादी ऐकताना बसायचे तसे. त्यांच्या पापण्या हलत होत्या. शेवटी ते म्हणाले, "चावडीत सांगत होतो मी. आमच्या घरात देवधर्म वाढलाय म्हणून." मग आत्याबाईंकडं वळले. "मला सांगायचं होतंस."

"तुम्ही कवा इचारलं?" आत्याबाई म्हणाल्या. रागानं नाही. ज्वारीतला खडा बाजूला काढावा तशा सहज.

आठ दिवसांत मामंजींनी पैठणहून गवंडी आणला आणि परसात संडास बांधून घेतला, मोठ्या आळीतला पहिला. आत्याबाईंनी त्यांचं मन राखायला तो वापरला, पण आठवड्यातून दोनदा तरी त्या पहाटे ओढ्याकडं जायच्याच. "तिथं चार जणी भेटतात," म्हणायच्या.

पुढच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत एक तरुण उमेदवार जीपमधून आमच्या दारात आला. पांढरे कपडे, बरोबर पाच-सहा माणसं. मामंजींच्या पाया पडला आणि बाजेवर बसून म्हणाला, "काका, गावाचं वारं कसं हाय?"

मामंजींनी त्याला पुरुषांचं सांगितलं, आळीआळीनं, पूर्वीसारखं. तो खूश होऊन टिपत होता. लिहून झाल्यावर त्यानं विचारलं, "आन् बायकांचं?"

"ते मला ठाऊक नाय."

"काका, तुम्हाला ठाऊक नसंल असं व्हयील का?"

"नाय ठाऊक. त्या आत बसल्यात. जाऊन इचारा."

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला, सोबतची माणसंही हसली. मामंजी हसले नाहीत. त्यांनी स्वतः उठून एक पाट उचलला आणि स्वयंपाकघराच्या दारात ठेवला. पोरगा गोंधळला, इकडंतिकडं पाहिलं, मग चपला काढून येऊन त्या पाटावर बसला. आत आत्याबाई होत्या, मी होते, आणि बांगड्या भरायला आलेली खाला होती. घसा साफ करून तो म्हणाला, "आजी, आपल्याकडं काय अडचण हाय का?"

आत्याबाईंनी पदर सारखा केला. खालाकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सूनबाई, याला कागद दे एक. मोठा दे."